औषधोपचारातील चुका : शेवटच्या हातापर्यंत येणारी साखळी

डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे, व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात, ७५ वर्षांची एक महिला मेंदूतील रक्तस्रावावर उपचार घेत होती. प्रकृतीला उतार पडत होता. तिला स्कॅनसाठी नेले असता बंदिस्त यंत्राची धास्ती वाटू लागली, म्हणून मन शांत करणारे ‘व्हर्सेड’ हे औषध थोड्या मात्रेत देण्याचे ठरले. औषध आणण्यास गेलेल्या परिचारिकेने संगणकीकृत औषधकपाटावर त्याची पहिली दोन अक्षरे टाइप केली : ‘व्ही’ आणि ‘ई’. कपाट औषधे व्यापारी नावाने नव्हे, तर मूळ नावाने शोधत होते आणि व्हर्सेडचे मूळ नाव आहे मिडाझोलाम. साहजिकच ते सापडले नाही. तेव्हा तातडीच्या प्रसंगी अडथळा ओलांडण्यासाठी ठेवलेली ‘ओव्हरराइड’ची सोय वापरून तिने पुन्हा तीच दोन अक्षरे टाइप केली. यादीत जे आले ते होते ‘व्हेक्युरोनियम’.

व्हेक्युरोनियम हे शरीरातील स्नायू, श्वसनाचे स्नायूसुद्धा, पूर्णपणे लुळे करणारे औषध आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी किंवा कृत्रिम श्वसनयंत्रावर असलेल्या रुग्णालाच ते देतात. व्हर्सेड द्रवरूपात मिळते. व्हेक्युरोनियमची भुकटी असते आणि ती पाण्यात कालवावी लागते. कुपीच्या झाकणावर धोक्याची सूचना छापलेली असते. हे सारे संकेत नजरेतून निसटले. परिचारिकेसोबत त्या दिवशी प्रशिक्षणार्थी सहकारी होती, पुढचे काम दुसऱ्या विभागात वाट पाहत होते, आणि स्कॅनच्या विभागात औषधाचा बारकोड तपासण्याचे यंत्र नव्हते. इंजेक्शननंतर रुग्णाच्या श्वासावर देखरेख ठेवणारेही कोणी नव्हते. दुसऱ्या दिवशी त्या महिलेचे निधन झाले.

चूक उमगताच परिचारिकेने ती स्वतः वरिष्ठांना सांगितली होती. रुग्णालयाने मात्र राज्याच्या यंत्रणेला ती कळवली नव्हती. जवळजवळ वर्षभरानंतर एका निनावी तक्रारीमुळे संघीय तपासणी झाली, तेव्हा प्रकरण उघडकीस आले. २०२१ मध्ये परिचारिकेचा परवाना रद्द झाला. मार्च २०२२ मध्ये ज्यूरीने तिला निष्काळजीपणातून घडलेल्या मनुष्यवधासाठी दोषी ठरवले आणि मे महिन्यात ३ वर्षांच्या परिवीक्षेची शिक्षा झाली. जगभरातील परिचारिकांच्या संघटना या निकालाने हादरल्या. ही निष्काळजी नव्हती, असे म्हणणे अवघड आहे. पण दोन अक्षरांवर जीवघेणे औषध हाती देणारे कपाट, ओव्हरराइड नित्याचे होऊन बसलेला वॉर्ड आणि बारकोडची तपासणी नसलेला विभाग यांच्यावर कोणत्याही ज्यूरीपुढे खटला उभा राहिला नाही. औषधोपचारातील चुकांचा प्रश्न समजून घ्यायचा तर या दोन्ही गोष्टी एकाच वेळी नजरेसमोर ठेवाव्या लागतात.

व्याख्या आणि व्याप्ती

औषध व्यावसायिकाच्या, रुग्णाच्या वा नातेवाईकाच्या ताब्यात असताना घडलेली, टाळता येण्याजोगी आणि औषधाचा गैर वापर किंवा इजा घडवू शकणारी कोणतीही घटना म्हणजे औषधोपचारातील चूक. या व्याख्येतील कळीचा शब्द ‘टाळता येण्याजोगी’ हा आहे. पेनिसिलिन प्रथमच दिल्यावर अंगावर पित्त उठले तर ती औषधाची प्रतिक्रिया. ती केसपेपरवर नोंदलेली असूनही पुन्हा पेनिसिलिन दिले गेले तर ती चूक. व्याख्येत रुग्ण आणि नातेवाईक यांचाही समावेश आहे, हेही ध्यानात घ्यावे. घरातील औषधांच्या डब्यापर्यंत या विषयाची हद्द पोहोचते.

अमेरिकेच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाने हा विषय प्रथमच सार्वजनिक चर्चेत आणला. वैद्यकीय चुकांमुळे अमेरिकी रुग्णालयांत दरवर्षी ४४,००० ते ९८,००० मृत्यू होत असावेत, असा त्याचा अंदाज होता. औषधांच्या चुकांचा वाटा त्यात वर्षाला ७,००० हून अधिक मृत्यू इतका मानला गेला. इंग्लंडमधील संशोधकांनी २०१८ मध्ये मांडलेला आकडा याहून चक्रावणारा आहे : वर्षाला सुमारे २३ कोटी ७० लाख चुका. त्यांतल्या ७२ टक्के चुकांतून इजा होण्याची शक्यता नगण्य असते, हे सोबत सांगितले नाही तर हा आकडा केवळ भीती घालील. जागतिक आरोग्य संघटनेने या चुकांचा जागतिक खर्च वर्षाला ४२ अब्ज डॉलर इतका अंदाजिला आणि मार्च २०१७ मध्ये, गंभीर व टाळता येण्याजोगी इजा ५ वर्षांत निम्म्यावर आणण्याचे लक्ष्य ठेवून, एक मोहीम सुरू केली.

या आकड्यांपेक्षा अधिक बोलकी आहे ती चुकांची जागा. औषधाचा प्रवास डॉक्टरांच्या लेखणीपासून सुरू होतो. तो नोंदणी आणि औषधनिर्मात्याचे टेबल या टप्प्यांवरून परिचारिकेच्या हातापर्यंत येतो. बोस्टनच्या दोन मोठ्या रुग्णालयांत झालेल्या आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गंभीर चुकांपैकी ३९ टक्के औषध लिहिताना आणि ३८ टक्के प्रत्यक्ष देताना घडलेल्या आढळल्या. प्रमाण सारखेच; पण लिहितानाच्या जवळजवळ निम्म्या चुका पुढे कोणाच्या तरी लक्षात येऊन दुरुस्त झाल्या, तर देतानाच्या चुकांपैकी शंभरात जेमतेम दोन. डॉक्टरांच्या मागे औषधनिर्माता उभा असतो, औषधनिर्मात्याच्या मागे परिचारिका. परिचारिकेच्या मागे मात्र केवळ रुग्ण असतो आणि तो बहुधा झोपलेला, गुंगीत किंवा घाबरलेला असतो.

नावे, आकडे आणि सारखी दिसणारी कुपी

परिचारिकेच्या शिक्षणात ‘पाच योग्य गोष्टी’ हा पहिला पाठ असतो : योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. पुढे त्यात योग्य नोंद, योग्य कारण, योग्य परिणाम यांची भर पडत गेली. भारतातून परदेशी नोकरीसाठी जाणाऱ्या परिचारिकांना अमेरिकेच्या एनक्लेक्स परीक्षेत आणि ब्रिटनच्या नर्सिंग परिषदेच्या चाचणीत मात्रेचे हिशेब आणि औषध देण्याची रीत यांची कसून परीक्षा द्यावी लागते. तरीही सुरक्षित औषधवापरासाठी काम करणाऱ्या अमेरिकी संस्थेने या पाच गोष्टींविषयी एक मार्मिक मुद्दा मांडला आहे : ही पाच उद्दिष्टे आहेत, ती गाठण्याची पद्धत नव्हे. ‘योग्य औषध द्या’ एवढे सांगून योग्य औषध दिले जात नाही. दोन कुप्या अंधूक प्रकाशातही वेगळ्या ओळखू येतील, अशी व्यवस्था असावी लागते.

हे किती खरे आहे, याचा दाखला सप्टेंबर २००६ मध्ये इंडियानापोलिस येथे मिळाला. नवजात अर्भकांच्या शिरेत बसवलेली नळी गोठू नये म्हणून तिच्यातून हेपारिनचे अत्यंत सौम्य द्रावण सोडतात : दर मिलिलिटरला १० युनिट. त्या दिवशी वॉर्डच्या कपाटात त्याच्या जागी १०,००० युनिटच्या कुप्या भरल्या गेल्या. दोन्ही कुप्यांची लेबले निळ्या छटांची आणि आकार तोच. परिचारिकांनी वर्षानुवर्षे त्याच खणातून तेच औषध घेतले होते. त्या दिवशीही घेतले. सहा अर्भकांना हजारपट तीव्र औषध मिळाले, तिघे दगावली. उत्पादकाने पुढे लेबल बदलले, परंतु जुना साठा रुग्णालयांत होताच. नोव्हेंबर २००७ मध्ये लॉस एंजेलिस येथे अभिनेते डेनिस क्वेड यांच्या नवजात जुळ्यांच्या बाबतीत नेमकी हीच चूक घडली. ती मुले सुदैवाने वाचली आणि क्वेड यांनी पुढे या विषयावर जाहीरपणे बोलण्यास सुरुवात केली. इंडियानापोलिसची बातमी सर्वत्र पोहोचली होती. तिच्यामुळे कपाटे मात्र बदलली नव्हती.

आकड्यांची लबाडी आणखी सूक्ष्म असते. ‘१.०’ मधील बिंदू फिकट उमटला तर तो १० होतो, ‘.५’ मधील बिंदू दिसला नाही तर ५. इन्शुलिनसाठी युनिट या शब्दाऐवजी नुसते रोमन ‘यू’ अक्षर लिहिले तर ते शून्यासारखे दिसते आणि ४ युनिटचे ४० होतात. अमेरिकेतील रुग्णालयांचे मूल्यांकन करणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ पासून अशा संक्षेपांची एक निषिद्ध यादीच ठरवून दिली आहे : युनिट पूर्ण लिहावे, पूर्णांकापुढे बिंदू-शून्य लावू नये, एकाहून कमी मात्रेपूर्वी शून्य अवश्य लिहावे. मॉर्फिन सल्फेट आणि मॅग्नेशियम सल्फेट यांची लघुरूपेही याच यादीत आहेत, कारण ती एकमेकांसारखी दिसतात.

लिहिण्यातील संदिग्धता एका बिंदूपुरती मर्यादित नसते. १९९४ च्या अखेरीस बोस्टनमधील एका अग्रगण्य कर्करोग संस्थेत बेट्सी लेहमन यांचा मृत्यू झाला. त्या ‘बोस्टन ग्लोब’ दैनिकात आरोग्यविषयक स्तंभ लिहीत असत. केमोथेरपीच्या औषधाची ४ दिवसांत मिळून द्यावयाची मात्रा त्यांना ४ दिवस रोज दिली गेली. हाताखालून गेलेल्या कागदावर अनेकांच्या सह्या होत्या. मॅसॅच्युसेट्स राज्याची रुग्णसुरक्षेची संस्था आज त्यांच्या नावाने ओळखली जाते.

मार्गाची चूक ही संख्येने विरळ, पण सर्वांत निर्दय. व्हिन्क्रिस्टिन हे रक्ताच्या कर्करोगावरील औषध शिरेतून दिल्यास उपकारक ठरते. पाठीच्या कण्यातील द्रवात गेल्यास जवळजवळ नेहमीच प्राणघातक. जानेवारी २००१ मध्ये इंग्लंडच्या नॉटिंगहॅममध्ये, आजार आटोक्यात आलेल्या १८ वर्षांच्या तरुणाला ते कण्यातून दिले गेले. इथे सिरिंज परिचारिकेच्या नव्हे, डॉक्टरांच्या हातात होती. कण्यात द्यावयाचे औषध आणि शिरेतून द्यावयाचे औषध, दोन्ही सिरिंजमध्ये भरलेली आणि एकाच वेळी समोर आलेली. दोन्ही सिरिंज एकाच सुईवर बसत होत्या. अशा घटना त्यापूर्वीही घडल्या होत्या आणि ‘फक्त शिरेतून’ अशा सूचनाही छापल्या जात होत्या. सूचनेने जे साधले नाही ते पुढे एका साध्या बदलाने साधले : व्हिन्क्रिस्टिन सिरिंजमध्ये भरण्याऐवजी सलाईनच्या ५० मिलिलिटरच्या छोट्या पिशवीत मिसळून पाठवायचे. पिशवीभर द्रव कण्यात सोडण्याचा विचार कोणाच्याही मनात येणार नाही. त्यानंतर कण्याच्या सुयांना शिरेच्या सिरिंज बसूच नयेत अशी वेगळी जोडणीही प्रचारात आली.

चीजचे काप

मँचेस्टर विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी अपघातांचे वर्णन स्विस चीजच्या कापांच्या उपमेने केले. प्रत्येक संरक्षक थराला छिद्रे असतात; एरवी एका थरातले छिद्र पुढचा थर झाकतो. ज्या दिवशी सारी छिद्रे एका रेषेत येतात, त्या दिवशी धोका आरपार जातो. नॅशव्हिलची घटना या नजरेने वाचली तर परिचारिकेची चूक नाहीशी होत नाही. ती अनेक छिद्रांपैकी एक, शेवटचे आणि सर्वांत ठळक दिसणारे छिद्र ठरते.

काही छिद्रे रोजच्या गडबडीतच पडतात. सिडनीच्या दोन रुग्णालयांत ९८ परिचारिकांनी ४,२७१ वेळा औषधे दिली, त्याचे निरीक्षण करून २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. औषध तयार करताना वा देताना झालेल्या प्रत्येक व्यत्ययागणिक औषधाच्या प्रत्यक्ष चुकांचे प्रमाण १२.७ टक्क्यांनी वाढत असल्याचे त्यात दिसले. व्यत्यय म्हणजे काही मोठे संकट नव्हे : वाजणारा फोन, शेजारच्या खाटेवरील रुग्णाची हाक, ‘सिस्टर, जरा सलाईन बघता का?’ असा नातेवाईकाचा प्रश्न. ब्रिटनमधील काही वॉर्डांत औषधांची फेरी चालू असताना परिचारिका लाल रंगाचे अंगरखे घालू लागल्या. त्यावर ‘व्यत्यय आणू नये’ असे लिहिलेले असे. उपाय चांगला, परंतु तो रुग्णांना काहीसा तुसडा वाटतो, अशीही प्रतिक्रिया उमटली. माणसांनी गजबजलेल्या जागेत एकांत मिळवणे सोपे नाही.

पाळीची लांबी, परिचारिकांची अपुरी संख्या आणि पाळी बदलतानाची घाईघाईची माहिती यांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. या पेशातील प्रत्येकाला ते ठाऊक आहे.

कोणते उपाय चालतात

उपायांची एक उतरंड मानली जाते. तळाशी सूचना, परिपत्रके, ‘अधिक काळजी घ्या’ असे फलक. वर चुकीची गोष्ट करणेच अशक्य किंवा अवघड करणारी रचना. तळाचे उपाय स्वस्त असतात, म्हणून व्यवस्थापनाला प्रिय असतात.

वरच्या पायरीचे उत्तम उदाहरण तीव्र पोटॅशियम क्लोराइडचे. त्याची अँप्यूल दिसायला इंजेक्शनच्या पाण्यासारखी किंवा मिठाच्या द्रावणासारखी असते. विरळ न करता शिरेत गेल्यास हृदय थांबते. ब्रिटनच्या राष्ट्रीय रुग्णसुरक्षा संस्थेने २००२ मध्ये काढलेला पहिलाच इशारा याबद्दल होता, आणि तो ‘लेबल नीट वाचा’ असे सांगणारा नव्हता. ते औषध सर्वसाधारण वॉर्डातून काढूनच घ्या, असा तो होता. जे औषध कपाटात नाही ते चुकून दिले जाणार नाही.

बारकोडची गोष्ट विशेष सांगण्याजोगी, कारण तिची सुरुवात एका परिचारिकेपासून होते. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात टोपेका येथे माजी सैनिकांच्या रुग्णालयात काम करणाऱ्या सू किनिक यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी भाड्याची मोटार परत करताना कर्मचाऱ्याला हातातील यंत्राने तिचा बारकोड वाचताना पाहिले. मोटारीसाठी जे करता येते ते रुग्णासाठी का नाही, असा प्रश्न त्यांनी रुग्णालयात मांडला. त्यातून रुग्णाच्या मनगटावरील पट्टी आणि औषधाचे वेष्टन, दोन्ही वाचून ताळमेळ घालणारी पद्धत उभी राहिली आणि ती पुढे माजी सैनिकांच्या साऱ्या रुग्णालयांत पोहोचली. बोस्टनमधील एका मोठ्या रुग्णालयातील अभ्यासात, या पद्धतीमुळे औषध देतानाच्या चुका ११.५ टक्क्यांवरून ६.८ टक्क्यांवर आल्याचे २०१० मध्ये दिसून आले. वेळेच्या चुका या आकड्यांत धरलेल्या नाहीत. बारकोडलाही पळवाटा असतातच. घाईत पट्टी स्कॅन न करता टेबलावर चिकटवलेली तिची प्रत स्कॅन करण्याची सवय अनेक वॉर्डांत लागते. यंत्र मंद असेल, बॅटरी संपत असेल, वेष्टन वाचलेच जात नसेल, तर अशी पळवाट शोधणाऱ्या परिचारिकेला ओरडण्यापेक्षा यंत्र दुरुस्त करणे शहाणपणाचे.

सारख्या नावांसाठी औषधाच्या नावातील वेगळी अक्षरे मोठ्या लिपीत छापण्याची पद्धत आहे. हायड्रॉक्सिझीन खाजेसाठी आणि हायड्रॅलाझीन रक्तदाबासाठी. रोमन लिपीत दोन्हींची पहिली चार अक्षरे एकच. नॅशव्हिलनंतर औषधकपाटाच्या शोधात किमान पाच अक्षरे टाइप करण्याची अट असावी, अशी शिफारस झाली. हे दोन शब्द नेमके पाचव्या अक्षरावर, जेमतेमच वेगळे होतात, ही त्यातील गंमत. कोणताही एक थर पुरेसा नसतो.

इन्शुलिन, हेपारिन, अफूजन्य वेदनाशामके, केमोथेरपी अशा अतिजोखमीच्या औषधांसाठी दोन परिचारिकांनी स्वतंत्र तपासणी करावी, असा नियम बहुतेक ठिकाणी आहे. ‘स्वतंत्र’ हा शब्द मात्र बहुधा कागदावरच राहतो. ‘हे १२ युनिट आहेत ना?’ असे विचारून सिरिंज पुढे केली तर समोरची व्यक्ती १२ च पाहते. खरी तपासणी ती, जिच्यात दुसरी परिचारिका आदेश स्वतः वाचते, हिशेब स्वतः करते आणि मग दोन्ही उत्तरे जुळतात का ते पाहिले जाते. प्रत्येक औषधासाठी हे शक्य नाही. म्हणून मोजक्या औषधांसाठी, पण मनापासून करावे.

शिक्षा की कबुली

चूक झाल्यावर परिचारिकेने काय करावे, याचे पुस्तकी उत्तर सर्वत्र एकच आहे : रुग्णाला सांभाळावे, डॉक्टरांना कळवावे, रुग्णास वा नातेवाईकांस सांगावे, घटनेची नोंद करावी. प्रत्यक्षात नोंद होते की नाही, हे त्या वॉर्डात मागच्या वेळी नोंद करणाऱ्याचे काय झाले यावर ठरते. आखाती देशांत नोकरी आणि निवासाचा परवाना एकमेकांत गुंतलेले असतात, तिथे ही भीती दुहेरी असते.

यावर ‘न्याय्य संस्कृती’ नावाची एक विचारसरणी मांडली गेली आहे. तिच्यात तीन गोष्टी वेगळ्या केल्या जातात. नजरचूक कोणाचीही होते. तिथे धीर द्यावा आणि व्यवस्था सुधारावी. अंगवळणी पडलेला शॉर्टकट, जसे की रोजचे ओव्हरराइड, तिथे समज द्यावी आणि तो शॉर्टकट का लागतो हे शोधावे. धोका समजूनही बेफिकिरीने केलेल्या वर्तनालाच शिक्षा असावी. नॅशव्हिलचा खटला या दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यांच्या सीमेवर उभा होता, आणि म्हणूनच त्यावर आजही एकमत नाही. त्याचा एक परिणाम असा की शेजारच्या केंटकी राज्याने २०२४ मध्ये, घोर बेफिकिरी नसलेल्या चुकांसाठी आरोग्यसेवकांना फौजदारी खटल्यापासून संरक्षण देणारा कायदा केला.

चूक करणाऱ्या आरोग्यसेवकाला अमेरिकी डॉक्टर अल्बर्ट वू यांनी २०००मध्ये ‘दुसरा बळी’ म्हटले. हा शब्द काही रुग्णांच्या कुटुंबीयांना रुचत नाही, आणि त्यांचे म्हणणे समजण्याजोगे आहे. तथापि, एका चुकीनंतर वर्षानुवर्षे न झोपलेल्या परिचारिका प्रत्येक देशात आहेत.

दोन देशांमध्ये वाटलेला औषधांचा डबा

परदेशस्थ मराठी कुटुंबांत ही साखळी दोन देशांत पसरलेली असते. आई-वडील सहा महिन्यांसाठी येतात, सोबत पुण्याहून किंवा नागपुरातून आणलेली औषधे असतात, आणि मध्येच एखादी चिठ्ठी न्यू जर्सीच्या किंवा लंडनच्या डॉक्टरची वाढते. इथे रुग्णालयातले कोणतेही बारकोड यंत्र मदतीला नसते.

पहिला धोका इन्शुलिनचा. भारतात इन्शुलिनच्या कुप्या सर्रास दर मिलिलिटरला ४० युनिट तीव्रतेच्या असतात आणि त्यांच्या सिरिंजला लाल टोपण असते. अमेरिका, ब्रिटन आणि इतर अनेक देशांत १०० युनिट तीव्रता प्रचलित आहे. तिच्या सिरिंजचे टोपण नारिंगी असते. भारतातून आणलेल्या कुपीतील औषध इथल्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत घेतले तर प्रत्यक्षात ८ युनिट जातात आणि साखर वाढत राहते. याउलट इथल्या कुपीतील औषध भारतातून आणलेल्या लाल टोपणाच्या सिरिंजने २० पर्यंत घेतले तर ५० युनिट जातात. साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. भारतातही पेनची १०० युनिटची काडतुसे मिळतात. पेन बिघडला म्हणून त्यातले इन्शुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने ओढून घेणे हा तोच अडीचपट धोका आहे. कुपी आणि सिरिंज एकाच तीव्रतेच्या असाव्यात, एवढे एक पथ्य पुरेसे आहे.

दुसरा धोका नावांचा. भारतातील क्रोसिन, अमेरिकेतील टायलेनॉल आणि आखातातील पॅनाडोल ही एकाच पॅरासिटामोलची नावे. अमेरिकेत त्याचे मूळ नावही वेगळे, अॅसिटामिनोफेन. ताप आला म्हणून क्रोसिन, अंगदुखीसाठी टायलेनॉल आणि सर्दीसाठी तेच घटकद्रव्य असलेले तिसरे औषध घेतले तर प्रौढांसाठीची दिवसाची ४ ग्रॅमची कमाल मर्यादा नकळत ओलांडली जाते आणि त्याचा भार यकृतावर पडतो. भारतात एका गोळीत दोन-तीन औषधे असलेली मिश्रणे विपुल असल्याने हा धोका वाढतो. दम्याचे सॅल्ब्युटामोल अमेरिकेत अल्ब्युटेरॉल होते, मधुमेहाचे ग्लिबेनक्लामाइड ग्लायब्युराइड होते. क्वचित एकच व्यापारी नाव दोन देशांत दोन भिन्न औषधांना असते : ‘फ्लोमॅक्स’ अमेरिकेत प्रोस्टेटसाठी, तर इटलीत दाह कमी करण्यासाठी. म्हणून परदेशी डॉक्टरांना दाखवायची यादी व्यापारी नावांची नव्हे, मूळ नावांची आणि मिलिग्रॅमसह असावी.

लिहिण्याच्या रीतीही प्रवास करत नाहीत. सकाळ-दुपार-रात्रीसाठीचे आपल्याकडचे ‘१-०-१’ अमेरिकी डॉक्टरला उमगेलच असे नाही. ‘ओ.डी.’ म्हणजे भारतात आणि ब्रिटनमध्ये दिवसातून एकदा. अमेरिकेत तीच अक्षरे उजव्या डोळ्यासाठी आणि बोलण्यात अतिमात्रेसाठी वापरतात. वेष्टनावरील ०५/०४ ही तारीख ५ एप्रिल की ४ मे, हे देशागणिक बदलते. लहान मुलांचे वजन पौंडांत सांगितले आणि किलोमध्ये लिहिले गेले तर मात्रा २.२ पट होते. पातळ औषध घरच्या चमच्याने न मोजता मिलिलिटरच्या खुणा असलेल्या सिरिंजने द्यावे.

सांधेदुखीसाठी दिले जाणारे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते रोज घेतले गेल्याने मृत्यू ओढवल्याच्या घटना अनेक देशांत नोंदल्या गेल्या आहेत. गोळ्यांच्या डब्यावर ‘आठवड्यातून एकदा’ एवढेच न लिहिता वार लिहावा.

महाराष्ट्रात आजारी पडलेल्या आई-वडिलांच्या बाबतीत साखळीला आणखी एक दुवा असतो आणि तो नात्यातला असतो. अनेक रुग्णालयांत वॉर्डातील चिठ्ठी घेऊन नातेवाईकच खालच्या मेडिकलमध्ये जातात, पिशवीभर इंजेक्शने आणून सिस्टरांच्या हाती देतात. पिशवी देताना चिठ्ठीशी एकदा ताडून पाहावी. दुकानदाराने ‘तेच आहे, कंपनी वेगळी’ असे म्हटले असेल तर ते सिस्टरांना अवश्य सांगावे. घरी आणलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या सुट्या कापून घेतल्या की नाव आणि मुदतीची तारीख बहुधा दुकानातल्या तुकड्यावर राहते. डॉक्टरांनी औषधांची मूळ नावे वाचता येतील अशा, शक्यतो मोठ्या रोमन अक्षरांत लिहावीत, असा नियम भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्येच केला आहे. चिठ्ठी वाचता येत नसेल तर दुकानदाराच्या अंदाजावर न सोडता डॉक्टरांकडे परत जाण्याचा हक्क रुग्णाला आहे.

औषधाने अपाय झाल्यास तो कळवण्याची सोय सामान्य नागरिकालाही आहे. ब्रिटनमध्ये १९६४ पासून चालू असलेली ‘यलो कार्ड’ योजना, अमेरिकेत अन्न व औषध प्रशासनाची ‘मेडवॉच’, आणि भारतात गाझियाबाद येथील भारतीय औषधकोश आयोगाचा औषधदक्षता कार्यक्रम, ज्याचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४ असा आहे. कळवताना औषधाचे मूळ नाव, तुकडी क्रमांक आणि रुग्ण त्याच वेळी घेत असलेली इतर औषधे हाताशी असावीत. त्यासाठी रिकामी झालेली वेष्टने लगेच टाकून न देता उपचार संपेपर्यंत जपून ठेवावीत.